धाकटीची किल्ली

यादीत दोन नावं होती आणि त्यांतलं एकही माझं नव्हतं. मास्तरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं, "ही फाइल कोण कोण उघडू शकतं ते इथे लिहून येतं, बघा. पहिल्या तर तुमच्या आई. आणि ह्या दुसऱ्या कोण?" मी म्हटलं, "धाकटी बहीण माझी. परदेशात असते." मास्तर पूर्वी टायपिंगचे क्लास घ्यायचे. आता त्याच लांबट खोलीत संगणक दुरुस्त करतात, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ते एकदम खूश झाले. "मग झालं की काम! घरातल्या घरातच आहे. त्यांची किल्ली मागवा, इथे टाकू, दोन मिनिटांत उघडेल सगळं." त्यांना वाटलं, मी हसेन. मी हसलेही. मी कवळ्या बनवणारी बाई, खोटे दात कसे दाखवायचे ते मला कुणी शिकवावं लागत नाही.

आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ती गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिच्या लॅपटॉपचं बोर्ड जळालं. विंडोज ज्या चिपवर होतं ती बोर्डाबरोबर गेली. फाइली वेगळ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या. मास्तरांनी ती डिस्क काढून एका डबीत बसवून दिली आणि मी ती माझ्या मशीनला लावली. विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, पेन्शनचे कागद, सगळं काळ्या अक्षरांत. एकाच फोल्डरमधली नावं हिरवी होती. फोल्डरचं नाव 'किरकोळ'. आत शहाण्णव फाइली, दर महिन्याची एक, आठ वर्षं. उघडायला गेलं की परवानगी नाही. मास्तर फोनवर म्हणाले, हिरवं म्हणजे कुलूपबंद, आईंनी कुठे त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे किल्ली, जपून ठेवलंय का बघा. ठेवलेलं होतंच. तिच्या ड्रॉवरमध्ये, गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात पेन ड्राइव्ह, आणि खोक्यावर तिच्या त्या सरळ उभ्या अक्षरात: 'सर्टिफिकेट. जपून ठेवणे.' शनिवारी दुपारी मास्तरांना फोनवर धरून मी ते माझ्या मशीनमध्ये घेतलं. यशस्वी झालं, असा निरोपही आला. मग मी पहिल्या हिरव्या नावावर दोनदा टिचकी मारली. परवानगी नाही. मशीन बंद करून चालू केलं. परवानगी नाही. शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार मी तिच्या खुर्चीत बसून माझ्याच आईच्या दारावर टकटक करत होते, आणि आतून मला एकच उत्तर येत होतं.

सोमवारी, ती नावांची यादी दाखवायच्या आधी, मास्तरांनी दोन मिनिटांत निदान केलं. म्हणाले, सर्टिफिकेटचे दोन भाग असतात. एका भागानं कुलूप लागतं, दुसऱ्यानं उघडतं. पेन ड्राइव्हवर नुसता कुलूप लावणारा भाग आहे. "बाहेर काढताना मशीन एक प्रश्न विचारतं, खाजगी किल्लीपण बरोबर द्यायची का? आणि तिथे 'नाही'वर आधीच खूण असते. शंभरातले नव्वद तिथेच फसतात. पुढे, पुढे, पुढे दाबत सुटतात." मी म्हटलं, "आई पुढे पुढे दाबणारी नव्हती." आई एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात होती, शेवटची नऊ वर्षं विभागप्रमुख. छापील अर्ज ती तीनदा वाचायची, मग खोडरबर जवळ घेऊन पेन्सिलीनं भरायची आणि मगच त्यावरून शाई फिरवायची. रुग्णांच्या फाइली कुलूपबंद कशा करायच्या याचं शिक्षण त्यांच्या खात्यात पहिल्यांदा तिनं घेतलं, आणि मग तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान डॉक्टरांना तिनं शिकवलं. अशा बाईनं 'नाही' हा शब्द न वाचता सोडला असेल? मास्तर म्हणाले, "अहो, चूक कुणाकडूनही होते." चूकच असेल. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना मला वाटत होतं की तिनं चष्मा पुसला असेल, प्रश्न तीनदा वाचला असेल आणि शांतपणे उत्तर दिलं असेल.

घरी यायला पंचवीस मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली देव जाणे. मी दुकानांच्या काचांतून आत बघत चालले होते आणि मला दिसत होती ती दोन वर्षांपूर्वीची आमची बैठकीची खोली. धाकटी तीन आठवडे सुट्टीवर आली होती. मी सकाळी साडेआठला लॅबला जायची ती सातच्या सुमारास परत. दार उघडायच्या आधी जिन्यातच मला दोघींचं हसणं ऐकू यायचं. किल्ली फिरवली की हसणं थांबायचं. आत गेलं की आई लॅपटॉपचं झाकण लावत असायची आणि धाकटी म्हणायची, "आलीस ताई? बस, चहा टाकते." माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं बसवायची. माझ्या नखांत प्लास्टर असायचं, केसांना मेणाचा वास. तिच्या अंगाला कसलाच वास यायचा नाही. परदेशातून आलेल्या माणसांना येत नाही. मी विचारायची, "काय चाललंय दोघींचं?" आई म्हणायची, "काही नाही गं, किरकोळ." शब्दशः खरं बोलत होती ती. त्या तीन आठवड्यांत धाकटीनं आईच्या लॅपटॉपवर स्वतःचं वेगळं खातं उघडलं होतं, ऑफिसचं काम करायला, असं मला सांगितलं होतं. ती विम्याच्या दाव्यांच्या कचेरीत आहे. तिथेही म्हणे सगळं कुलपातच असतं. मी त्या वेळी मनात म्हटलं होतं, बरं झालं, आईला सोबत झाली. असं मी मनात म्हणायची. मनातसुद्धा मी चांगलंच बोलायची, इतकी मला सवय होती.

लहानपणी आई इस्पितळातून एका बाजूनं कोरे कागद आणायची. धाकटी त्यांवर चित्रं काढायची: माणसं, त्यांची पोटं, पोटांत आणखी माणसं. मी त्यांवर शुद्धलेखन लिहायची. धाकटीच्या चित्रांची आईनं एक फाइल केली होती, खऱ्या इस्पितळी पुठ्ठ्याची, वर क्रमांक घालून. आल्यागेल्याला दाखवायची. मी एकदा विचारलं, माझी फाइल कुठाय? आई खरोखर गोंधळली. म्हणाली, "तुझी कशाला फाइल? तुझी काही काळजीच नसते मला. तू आहेसच." तू आहेसच! हे वाक्य मी पदकासारखं चाळीस वर्षं मिरवलं. लग्न ठरता ठरता राहिलं तेव्हा, बाबा गेले तेव्हा, धाकटी बॅगा भरून निघाली तेव्हा, आईचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती झोपून राहिली तेव्हा, दर वेळी कुणी ना कुणी म्हणालंच, मोठी आहेच. असलेल्या वस्तूबद्दल कुणी काही लिहीत नाही, हे मला त्या रस्त्यावर, चपलांच्या एका दुकानासमोर, एक्कावन्नाव्या वर्षी सुचलं. आणि धाकटी? ती नव्हती. रविवारी वीस मिनिटं ती फोनमध्ये असायची आणि उरलेला आठवडाभर तिचं नसणं घरात ऐसपैस पाय पसरून बसायचं. "आज तिच्याकडे थंडी असेल." "आज तिची मीटिंग असेल." मी समोर बसून आईच्या पायाला मलम चोळत असायची.

धाकटीला फोन करायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मधल्या रविवारी तिचा नेहमीचा फोन आला, मी वीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ती कुठे अडखळते का ते ऐकत राहिले. ती अडखळली नाही. म्हणजे किती सराईत आहे बघा, असं मी नंतर भांडी घासताना म्हटलं. एका दुपारी लवकर येऊन मी तिच्या सुट्टीत राहून गेलेल्या वस्तू शोधून काढल्या, एक पातळ स्कार्फ, अर्धी क्रीमची बाटली, आणि कचऱ्यात टाकल्या, पुन्हा काढल्या, स्कार्फ धुऊन वाळत घातला. तो वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. एकदा तर ते अख्खं 'किरकोळ' फोल्डर मी कचरापेटीच्या चित्रावर ओढत नेलं. मशीननं विचारलं, नक्की? इतक्या आदरानं मला त्या महिन्यात दुसऱ्या कुणी काही विचारलं नव्हतं. मी 'नाही' म्हटलं. सकाळी उठलं की जबडा दुखायचा. झोपेत मी दात खात होते, आणि आमच्या धंद्यात त्याला काय म्हणतात, त्यानं दातांची काय माती होते, हे मला पाठ आहे.

लॅबमध्येही हात चालेना. कवळीचं ॲक्रिलिक घाईनं शिजवलं की आत बुडबुडे राहतात. वरून गुळगुळीत दिसतं, पण उजेडात धरलं की कळतं. सव्वीस वर्षांत माझी कवळी त्या कारणानं कधी परत आली नव्हती. त्या आठवड्यात दोन आल्या. लॅबचे मालक शांत गृहस्थ, त्यांनी त्यांतली एक खिडकीपाशी धरून मला दाखवली आणि म्हणाले, "बाई, घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं, "आई गेली ना." ते म्हणाले, "हो, हो, अर्थात." आईच्या नावावर खपवलेलं हे माझं पहिलं खोटं. आईची कवळीही मीच केली होती. तिच्या तोंडाचा साचा अजून लॅबच्या मांडणीवर आहे, प्लास्टरचा, मागे तारीख. तिच्या टाळूवरची प्रत्येक वळी मला माहीत होती. तो साचा त्या दिवशी मी हातात घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवला. टाळू माहीत असून काय करायचं?

मंगळवारी दुपारी, तिच्याकडे सकाळ असताना, मी फोन लावला.

"ताई? आज मंगळवारी कसा काय? बरी आहेस ना?"

"आईच्या फाइली उघडत नाहीयेत."

"कुठल्या फाइली?" तिनं विचारलं, पण तिला हे विचारायला फार वेळ लागला.

"किरकोळ. तुझं नाव आहे त्यावर. तुझ्याकडे किल्ली असेल म्हणतात मास्तर."

तिच्याकडे नळ चालू होता तो बंद झाला. "आहे," ती म्हणाली. "मागे काढून ठेवली होती. पाठवते. पण ताई, एक ऐकशील? नको वाचूस."

"का?"

"असंच. म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय काय येतं. आजारी माणूस..."

"तू आली होतीस तेव्हा ती आजारी नव्हती. तीन मजले चढत होती. तू वाचलंस?"

"तिनंच दिलं वाचायला."

"सगळं?"

"तेव्हापर्यंतचं सगळं. ताई, अगं तसं काही नाही त्यात..."

"मी रोज तिच्या शेजारच्या खोलीत होते."

"म्हणूनच असेल ना," धाकटी म्हणाली, आणि मग पटकन, "तसं नाही म्हणायचं मला."

मी म्हटलं, "पाठव." आई गेली तेव्हा धाकटी दोन दिवस उशिरा पोचली होती, आणि आठवडाभरात एकदा, जाता जाता विचारल्यासारखं, तिनं विचारलं होतं, आईचा लॅपटॉप कुठाय गं? मला वाटलं होतं, आठवण म्हणून हवा असेल. मी वर म्हटलं होतं, घेऊन जा की. तिनं नेला नाही. आता मला ते आठवलं. फाइल मेलवर आली. पासवर्ड लिहून पाठवायचा नाही म्हणाली, ऑफिसची शिस्त. म्हणून फोनवरच सांगितला. कॅपिटल के, सात, स्मॉल टी, दोन उभ्या रेघा. "उभ्या म्हणजे कुठल्या?" "एंटरच्या वर बघ ना." "इथे नाहीये." "ताई, नीट बघ, शिफ्ट दाबून." लहानपणी मी तिला पाढे म्हणून दाखवायला लावायची तसं ती मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होती. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा मशीननं ती किल्ली घेतली. या वेळी त्यानं विचारलेला प्रत्येक प्रश्न मी तीनदा वाचला.

पहिली फाइल उघडली. मी फोन ठेवून दिला होता, निरोप न घेता.

आईनं लिहिलं होतं ते नोंदवहीसारखं. वार, तारीख, मग तुटक वाक्यं. 'गुडघा: तसाच. हवा: कोरडी. मोठी आली ६.४०. बोलली नाही. हातांना प्लास्टर. विचारलं नाही.' दुसऱ्या दिवशी: 'मोठी ७.०५. भाजी खारट झाली, तिनं मुकाट्यानं खाल्ली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.' पानामागून पान, महिन्यामागून महिना. मोठी आली. मोठी गेली. मोठीचा खोकला. मोठीनं पडदे बदलले, जुने बरे होते. मोठी आरशासमोर उभी होती, मला बघून हलली. मी आधाशासारखी वाचत होते आणि मला कळत नव्हतं की मला राग येतोय की आणखी काही. धाकटी त्यात रविवारी यायची, एका ओळीपुरती: 'धाकटीचा फोन. बरी आहे.' तिसऱ्या वर्षाशी आल्यावर मी कुणाचं नाव कितीदा येतं ते मोजायचं सोडलं. मला वाटायला लागलं की मी उगीचच... आणि मग पाचव्या वर्षातली ती नोंद आली. 'मोठीला बाहेरगावच्या लॅबचं पत्र. भागीदारी देतात. तिच्या पुस्तकात खुणेला घातलेलं सापडलं. तिनं नाही कळवलंय. माझ्यामुळे.' ते पत्र मी कुणाला दाखवलं नव्हतं. एक वयस्कर कारागीर होते, त्यांनी माझं काम पाहिलं होतं; समुद्रकाठी लॅब, खिडकी उत्तरेला, दातांचा रंग जुळवायला उत्तरेचाच उजेड लागतो. मी एका ओळीत नकार लिहिला होता आणि मग आठवडाभर अतिशय आनंदात होते, इतकी की आई म्हणाली, काय गं, लॉटरी लागली का?

मग एकाहत्तराव्या फाइलमध्ये, धाकटीच्या सुट्टीतल्या महिन्यात: 'धाकटीला सगळं वाचायला दिलं. म्हणजे तिला कळेल. मग विचारलं, मला तुझ्याकडे नेशील का. मोठी मोकळी होईल. ती रडली. म्हणाली, आई, मला झेपणार नाही गं. तिचं बरोबर आहे. मोठीला कळता कामा नये.'

'मोकळी' हा शब्द मी कितीदा वाचला असेन. चांगल्या मनाच्या माणसाला त्यात आईची माया दिसली असती. मला दिसली ती बॅग. आईनं मनातल्या मनात बॅग भरली होती, चष्म्याची डबी, गरम पाण्याची पिशवी, आणि माझ्या घरातून उठून धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. मला विचारलं नव्हतं, मोकळं व्हायचंय का म्हणून. मी समुद्र सोडला, उत्तरेची खिडकी सोडली, आणि जिच्यासाठी सोडली ती पत्ता बदलायला निघाली होती. आणि धाकटी! आयुष्यात जी एक गोष्ट मला सोडून तिला देऊ केली गेली, ती तिनं घेतली नाही. घेतली असती तर मी तिचा द्वेष केला असता, आयुष्यभर, नीट, मनापासून. तिनं तीही सोय ठेवली नाही. त्यानंतर पाचच महिन्यांनी आई बाथरूममध्ये पडली, आणि पुढे वीस महिने मी तिला उचलून बसवलं, धुतलं, भरवलं. आणि तिला ठाऊक होतं की ती इथे आहे कारण दुसरीकडे जागा झाली नाही.

मी बहात्तरावी फाइल उघडायला गेले. परवानगी नाही. त्र्याहत्तरावी, नाही. शेवटपर्यंत पंचवीसच्या पंचवीस फाइली हिरव्या आणि बंद. मी मास्तरांना बोलावलं. ते घरीच आले, चप्पल दारात काढून आईच्या खुर्चीत न बसता स्टुलावर बसले. एकेका फाइलची यादी उघडून बघितली. "ह्यांच्यावर एकच नाव आहे," ते म्हणाले. "दुसरं नाव प्रत्येक फाइलला वेगळं घालावं लागतं. पुढच्या फाइलींना त्यांनी घातलं नाही. विसरल्या असतील." मी विचारलं, "की घातलंच नाही?" मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "ते मशीन सांगत नाही, बाई." आता त्या कशा उघडायच्या? ते बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसले. आईंची खाजगी किल्ली बोर्डाबरोबर जळाली. दुसरी प्रत नाही. "खोटी आशा लावत नाही. ह्या पंचवीस आता कुणाच्याच नाहीत." त्यांना वाटलं, मला वाईट वाटेल. वाटलंही. पण त्याच्याखाली, खूप खाली, कुठेतरी गार वाटलं. धाकटीचंही नाव नव्हतं त्यांच्यावर. नकार दिला आणि आईनं तिचं नाव घालणं बंद केलं. विसरली असेल, हे माझ्या मनानं लगेच खोडून टाकलं. आई विसरत नसे.

शनिवारी धाकटीनं आपणहून फोन केला. तिच्याकडे नुकतं उजाडलं असावं. आवाज जागरण झाल्यासारखा.

"वाचलंस?"

"हो."

"मग बोल ना काहीतरी. शिव्या दे. गप्प नको बसूस, तू गप्प बसलीस की..."

"काय बोलू?"

"मला नसतं जमलं, ताई. मी सकाळी सातला बाहेर पडते. इथे कोण आहे तिच्याजवळ बसायला? आणि मला भीती वाटली. तुझ्यासारखं मला नाही येत. ती वाचायला दिलेली पानं मी वाचली ना, तर मला काय वाटलं माहितीये? मी माझं नाव शोधत होते त्यात. प्रत्येक पानावर तू. तुझा खोकला. तू कितीला आलीस. मी म्हणजे फोन. 'बरी आहे.' मला नेशील का विचारलं, तेही तुझ्यासाठीच. मला तिथे त्या क्षणी तुझा इतका राग आला... त्या रागात मी नाही म्हटलं की काय, हे मला अजून कळत नाही."

मी आईच्या खोलीत उभी होते. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी झटकत होती. माझा हेवा करणारं माणूस या जगात आहे, ही गोष्ट मला इतकी नवी होती की ती कुठे ठेवून द्यायची तेच मला कळेना. मी म्हटलं, "हं."

"ताई," ती म्हणाली, "शेवटच्या दोन वर्षांत काय लिहिलंय? माझ्याबद्दल. त्याही उघडल्या ना माझ्या किल्लीनं?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी तो शब्द बाजूला ठेवला. मी म्हटलं, "उघडल्या."

माझ्याकडे वाक्य तयार होतं. खोटं कशाला बोलू, गेले तीन दिवस लॅबमध्ये मेण तापवताना मी ते घडवत होते, आईच्या तुटक भाषेत, तिच्या मोजक्या शब्दांत: 'धाकटीचा फोन. घेतला नाही. घ्यावासा वाटला नाही.' अस्सल झालं होतं. कुणालाही आईचंच वाटलं असतं. हे एकदा तिच्या कानात घातलं की ते तिच्या म्हातारपणापर्यंत तिच्याबरोबर राहणार होतं, आणि कुणालाही, कधीही, ते तपासून बघता येणार नव्हतं. चाळीस वर्षांत मला एवढी सत्ता कुणी दिली नव्हती.

"सांग ना," ती म्हणाली. पासवर्ड सांगतानाचा करडेपणा गेला होता. ती पाच वर्षांची असताना अंधाऱ्या पॅसेजमधून हाक मारायची, तसा आवाज. "वाईट असलं तरी सांग."

मी तोंड उघडलं. आणि काय झालं मला माहीत नाही. ते वाक्य आलं नाही, दुसरंच आलं, न घडवलेलं, कुठून आलं कोण जाणे. मी आईच्या आवाजात, वाचल्यासारखं म्हटलं: "'रविवार. धाकटीचा फोन. सर्दी झालीय तिला, नाकात बोलत होती. दिवसभर तिचा आवाज कानात राहिला.'"

धाकटी रडायला लागली, मोठ्यानं, लाज न बाळगता, फोन तोंडापासून दूर न धरता. मी फोन कानाला लावून उभी राहिले. समोरच्या बाईनं चादरीच्या घड्या केल्या आणि ती आत गेली. धाकटी मध्येच म्हणाली, "खरंच झाली होती सर्दी," आणि पुन्हा रडायला लागली. मी "हो, हो," म्हणत राहिले, मोठ्या बहिणी म्हणतात तसं. आणि मला हेवा वाटला. जीव जाईल असा हेवा वाटला. ते वाक्य माझंच होतं, माझ्याच तोंडून, आत्ता, जन्माला आलेलं. पण ते तिच्याकडे गेलं होतं, तिला आईचं म्हणून मिळालं होतं, आणि मला तसं एखादं वाक्य करून देणारं आता कुणी उरलं नव्हतं.